गंजलेल्या पत्र्याचा घरगुती दुरुस्ती संच: मडगार्डला चालतो, दाराला पुरत नाही

जुन्या गाडीचा गंजलेला पत्रा वेल्डिंगशिवाय घरच्या घरी दुरुस्त करता येईल, असे सांगून विकले जाणारे संच आता सहज मिळतात आणि बहुतेकांची रचना सारखीच असते. मी वापरलेल्या पेटीत गंज परिवर्तकाची बाटली, पॉलिएस्टर रेझिनचा डबा व ते रेझिन घट्ट करणारा पातळ हार्डनर, काचतंतूंची मॅट, ॲल्युमिनियमची जाळी, पुट्टीचा डबा व तिच्या हार्डनरची ट्यूब, तीन प्रतींचे पॉलिश पेपर, पुट्टी ओढायची प्लास्टिकची पट्टी, एक ब्रश, करड्या प्रायमरचा स्प्रे आणि एक घडीपत्रक एवढा माल होता. त्यातून मी दोन कामे केली: पुढच्या मडगार्डला चाकाच्या कमानीवर पडलेले भोक बुजवले आणि मागच्या दाराची फुगलेली, जागोजागी भोके पडलेली खालची कड दुरुस्त केली. कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढे येणारे गुणदोष एका कंपनीपेक्षा या प्रकारच्या संचाचेच अधिक आहेत.

आधी मत सांगून टाकतो. या पेटीतला माल वाईट नाही. पुट्टी तर चांगलीच आहे. परंतु पेटी बनवणाऱ्याने सगळे लक्ष पत्र्याच्या दर्शनी बाजूवर दिले आहे आणि गाडीचा पत्रा बहुतेक वेळा मागून गंजतो. चाकाने उडवलेला चिखल कमानीच्या आतल्या कडेला साठतो, दाराच्या तळातली पाणी निघून जाण्याची भोके पानकचऱ्याने तुंबतात, आतला ओलावा आठवडेच्या आठवडे तिथेच राहतो, आणि बाहेरच्या रंगावर पहिला फोड दिसतो तेव्हा आतून पत्र्याची जाडी बरीचशी संपलेली असते. अशा जागी समोरून कितीही नेटके काम केले तरी त्याचे आयुष्य मागच्या बाजूला काय केले यावर ठरते, आणि त्या बाजूसाठी पेटीत काहीही नाही.

काम सुरू करण्यापूर्वी गंज किती खोल गेला आहे हे पाहणे आवश्यक असते आणि घडीपत्रक त्याबद्दल एका ओळीत मोकळे होते. ही तपासणी बोथट टोच्याने किंवा जुन्या स्क्रू ड्रायव्हरने करावी. फोडाभोवतीचा पत्रा टोचून पाहिला की जिथे जीव उरलेला नाही तिथे टोक सरळ आत जाते. लोखंडाच्या गंजाला मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. म्हणूनच रंग फुगतो, आणि गंज मागून पसरत असल्याने फोडाचा आकार आतल्या नुकसानीपेक्षा बहुधा लहान दिसतो. माझ्या मडगार्डवर नखाएवढा फोड होता आणि टोचून टोचून मोकळे झालेले भोक तळहाताच्या निम्मे भरले. गाडीच्या बाह्य पत्र्याची जाडी साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते, त्यामुळे गमावण्यासारखे मुळातच फार काही नसते. जुन्या गाडीवर एक छोटे लोहचुंबकही फिरवून पाहावे. ते जिथे पकड सोडते तिथे आधीच्या कुणीतरी पुट्टीचा थर चढवलेला असतो, आणि त्या थराखाली काय दडले आहे याची कल्पना करण्यापेक्षा तो काढून पाहणे बरे.

घासायला पेटीत फक्त पॉलिश पेपर आहेत. त्यातला सर्वात खरखरीत ८० नंबरचा, आणि खवले धरलेल्या गंजापुढे त्याचे काही चालत नाही. ड्रिलला किंवा ग्राइंडरला लावायची चकती वेगळी घ्यावीच लागते. इथे तारेच्या ब्रशपेक्षा रंग काढायची जाळीदार नायलॉनची चकती चांगले काम देते, कारण तारेचा ब्रश खड्ड्यांतला गंज काढण्याऐवजी त्याला चकाकी आणतो. वरून पत्रा स्वच्छ दिसतो आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी काळपट ठिपका तसाच राहतो. ग्राइंडर एका जागी फार वेळ दाबून धरला तर पातळ पत्रा तापून वाकडा होतो, ही खबरदारी वेगळी.

आता गंज परिवर्तकाकडे वळतो, कारण पेटीवर सर्वात मोठ्या अक्षरांत त्याचीच जाहिरात आहे. दुधाळ रंगाचे हे द्रव्य गंजावर लावले की तपकिरी डाग काही मिनिटांत जांभळट आणि मग निळसर काळा होतो. त्यात टॅनिक आम्ल असते. ते गंजातल्या लोहाशी संयोग पावून लोहाचे टॅनेट तयार करते, आणि सोबतचे पॉलिमर सुकून त्यावर पापुद्रा धरते. काही परिवर्तकांत फॉस्फरिक आम्ल असते व त्यातून लोहाचे फॉस्फेट बनते. दोन्हींचे रसायनशास्त्र खरे आहे, रंग बदलतो तो डोळ्यांना दिसतो, आणि नेमका त्यामुळेच वापरणाऱ्याचा त्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास बसतो. परिवर्तक जितका मुरतो तितक्याच गंजाचे रूपांतर करतो. खवल्यांच्या जाड थरावर लावला तर वरचा भाग काळा होतो, खालचा तसाच राहतो आणि पुढे सगळा थरच सुटतो. त्यामुळे आधी सुटणारे सगळे काढायचे आणि खड्ड्यांत घट्ट बसलेला जो गंज निघतच नाही तेवढ्यापुरताच परिवर्तक वापरायचा, हा त्याचा योग्य उपयोग होय.

घडीपत्रकात मात्र भोकाच्या चारही बाजूंना, उघड्या चकचकीत पत्र्यासकट, परिवर्तकाचे दोन हात द्यायला सांगितले आहे. हे मला पटलेले नाही. स्वच्छ पोलादावर परिवर्तकाला रूपांतर करण्यासारखे काही नसते. तिथे उरतो तो केवळ पॉलिमरचा मऊ पापुद्रा. त्यावर पुढे रेझिन आणि मॅट बसवली तर सगळा जोड पत्र्याला न धरता त्या पापुद्र्याला धरतो, आणि रेझिनमधल्या स्टायरीनसारख्या द्रावकापुढे तो पापुद्रा कितपत टिकेल हा प्रश्नच आहे. मी परिवर्तक बारीक ब्रशने फक्त काळ्या ठिपक्यांवर लावला, दुसऱ्या दिवसापर्यंत सुकू दिला, आणि जिथे मॅट बसणार होती तो सुमारे तीन ते पाच सेंटिमीटरचा पट्टा पुन्हा ८० नंबरने खरवडून उघडा पत्रा ठेवला. बाटलीत ब्रश बुडवू नये, लागेल तेवढे वेगळ्या वाटीत काढून घ्यावे. ब्रशबरोबर गंजाचा कण बाटलीत गेला तर उरलेले द्रव्यही आतल्या आत खराब होऊ लागते. ही सूचना घडीपत्रकात आहे, त्याबद्दल त्याला गुण द्यायला हवेत.

ॲल्युमिनियमची जाळी मी वापरली नाही. मॅटला मागून आधार मिळावा म्हणून ती दिलेली असते. हाताने वाकते, कात्रीने कापते आणि दिसायलाही आश्वासक आहे. परंतु ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकलेले असताना मध्ये ओलावा, त्यातही खारट ओलावा आला, की दोन धातूंचा विद्युत्-रासायनिक घट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजू लागते. त्याची पांढरी भुकटी होते, ती फुगते आणि वरच्या थराला आतून ढकलते. जाळी पूर्णपणे रेझिनमध्ये बुडालेली असेल तर धोका कमी, पण चाकाच्या कमानीत मागच्या बाजूने कडा उघड्या राहणार हे ठरलेलेच असते. मागून मेणकागद लावलेला पुठ्ठा टेपने बसवला की आधाराचे काम होते आणि रेझिन वाळल्यावर तो सोलून काढता येतो.

रेझिन आणि मॅट हा संचाचा खरा कणा आहे आणि इथेच मला सर्वात अधिक समाधान मिळाले. मॅट तुटक तंतूंची असून वजन प्रति चौरस मीटर ४५० ग्रॅम आहे, म्हणजे दोन थरांत पुरेसा ताठपणा येतो. तिचे तंतू ज्या बंधकाने एकत्र धरलेले असतात तो पॉलिएस्टर रेझिनमध्ये विरघळतो, त्यामुळे ब्रशने टोचत राहिले की पांढरी मॅट हळूहळू पारदर्शक होते आणि कडेच्या दुमडीत मुकाट्याने बसते. पांढरा ठिपका राहिला म्हणजे तिथे हवा राहिली, इतकी सोपी खूण आहे. ब्रश ओढायचा नाही, उभा धरून टोचायचा. ओढला की तंतू ब्रशबरोबर निघून येतात. हीच मॅट इपॉक्सी रेझिनबरोबर वापरता येईल असे समजून कुणी वेगळे इपॉक्सी आणेल, तर बंधक त्यात नीट विरघळत नाही आणि मॅट कडक, फुगलेलीच राहते, हे लक्षात ठेवावे.

हार्डनरच्या मापाबाबत मात्र कंपनीने कंजूषपणा केला आहे. रेझिनला वजनाच्या साधारण एक ते दोन टक्के हार्डनर लागतो, म्हणजे शंभर ग्रॅमला एक ते दोन ग्रॅम. एवढी लहान मात्रा घडीपत्रकाने थेंबांत सांगितली आहे, आणि बाटलीच्या तोंडातून पडणारा थेंब कधी लहान तर कधी दुप्पट असतो. सुई नसलेली छोटी सिरिंज पेटीत टाकली असती तर हा प्रश्न उरलाच नसता. मात्रा कमी पडली तर रेझिन दिवसभर चिकट राहते. जास्त झाली तर हातातल्या डब्यातच तापून घट्ट होते आणि त्यातून वाफ निघू लागते. विशेषतः खोल डब्यात जास्त रेझिन एकदम कालवले तर उष्णता बाहेर पडायला वाव मिळत नाही. म्हणून दहा मिनिटांत संपेल एवढेच कालवावे. हवा फार थंड असेल, साधारण १५ अंशांच्या खाली, तर हे काम हाती घेऊच नये; हार्डनर वाढवून थंडीवर मात करता येते हा समज चुकीचा आहे.

मॅट कोणत्या बाजूने लावायची हा प्रश्न घडीपत्रकाने चित्रातून सोडवला आहे आणि चुकीचा सोडवला आहे. चित्रात मॅट बाहेरून चिकटवलेली दिसते. बाहेरून लावलेली मॅट पत्र्याच्या पातळीपेक्षा दोनेक मिलिमीटर वर उभी राहते, मग ती लपवण्यासाठी आजूबाजूला हातभर पुट्टी पसरावी लागते आणि उन्हात तिरक्या नजरेने पाहिले की टेंगूळ दिसतेच. मडगार्डला आतून हात पोहोचत असल्याने मी भोकाची कड हातोडीने हलकेच आत दाबली, मॅटचे दोन थर आतल्या बाजूने बसवले आणि बाहेर फक्त उथळ खळगा भरायचा शिल्लक ठेवला. ज्यांना आतून पोहोचणे शक्य आहे त्यांनी बाहेरून लावण्याचा विचारही करू नये. चाक काढून आत काम करणार असाल तर गाडी जॅकवर टांगलेली ठेवू नये, खाली भक्कम स्टँड हवेत. हे घडीपत्रकात नाही.

वाळल्यावर रेझिनचा वरचा थर किंचित चिकट राहतो. हवेतल्या ऑक्सिजनमुळे पॉलिएस्टरचा अगदी वरचा थर पूर्ण पक्का होत नाही, त्यामुळे तो ॲसिटोनच्या फडक्याने पुसून मगच घासावा, अन्यथा पेपर दोन फेऱ्यांत गच्च भरतो.

पुट्टीचे कौतुक करायला हवे. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत हेच काम कथिल आणि शिशाचे मिश्रण वितळवून केले जात असे आणि त्याला खरोखरच कसबी हात लागत. पॉलिएस्टर पुट्टीने ते कुणालाही करता येण्याजोगे केले. या डब्यातली पुट्टी मऊ आहे, पट्टीखाली तुटत नाही आणि कड पातळ ओढता येते. हार्डनर लाल आहे, म्हणजे मिश्रणात लाल रेषा दिसेनाशा होऊन एकसारखा फिकट गुलाबी रंग आला की कालवणे झाले. मात्रा वजनाने सुमारे दोन टक्के. रंग गडद करण्याच्या मोहाने हार्डनर जास्त घातला तर पुढे कधीतरी त्यातला पेरॉक्साइड वरच्या रंगातून डाग बनून बाहेर येतो, विशेषतः फिकट रंगाच्या गाडीवर. घडीपत्रक म्हणते की डब्याच्या झाकणात ढवळावे. ढवळले की हवा आत जाते आणि घासताना टाचणीच्या टोकाएवढी भोके उघडी पडतात, जी प्रायमरने बुजत नाहीत. काचेच्या किंवा गुळगुळीत प्लास्टिकच्या सपाट तुकड्यावर पट्टीने दाबून दाबून, पसरून आणि गोळा करून कालवली तर हा त्रास जवळपास नाहीसा होतो.

पुट्टी साधारण चार-पाच मिनिटांत धरू लागते. पूर्ण कडक होण्यापूर्वी थोडा वेळ असा येतो की ती चीजसारखी कापली जाते. त्या वेळी धारदार किसणीवजा कानशीने वरचा फुगवटा उतरवला तर पुढचे निम्मे घासणे वाचते. ही खिडकी लहान असते. आधी हात लावला तर पुट्टी कडेने उपटून येते, उशीर केला तर कानस घसरते. कंपनीने अशी कानस दिलेली नाही आणि पेपर गुंडाळायला ठोकळाही दिलेला नाही. नुसत्या बोटांनी घासलेल्या पुट्टीवर बोटांच्याच रुंदीचे खळगे पडतात. ते घासताना दिसत नाहीत, चकचकीत रंग चढला की सगळ्यांना दिसतात. हातभर लांबीचा सपाट लाकडी ठोकळा घ्यावा आणि तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या दिशांनी घासावे. वर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून घासले तर जिथे काळे उरते तो खळगा आणि जिथे आधी निघते तो उंचवटा, हे आपोआप कळते. डोळ्यांपेक्षा ही खूण भरवशाची आहे, आणि डोळ्यांपेक्षाही भरवशाचा म्हणजे पातळ फडक्यावरून फिरवलेला उघडा तळहात.

थर तीन मिलिमीटरच्या आत ठेवावा, पुट्टी कोरडीच घासावी आणि तशीच उघडी ठेवून गाडी बाहेर काढू नये, कारण तिच्यात टाल्कसारखी भुकटी असते आणि ती ओलावा शोषते. पेटीत ८०, १२० आणि २४० नंबरचे पेपर आहेत. त्याआधी ३६ किंवा ४० आणि रंगाआधी ४०० लागतोच, तो बाहेरून घ्यावा लागतो.

आता प्रायमर. माझ्या मते पेटीतली ही सर्वात कमकुवत वस्तू आहे. हा एकाच घटकाचा, द्रावक उडून सुकणारा साधा स्प्रे आहे. पृष्ठभाग भरून काढायला आणि घासायला तो छान, परंतु तो पाणी अडवत नाही. असा प्रायमर सच्छिद्र असतो आणि ओलावा त्यातून हळूहळू पत्र्यापर्यंत पोहोचतो. डब्यावर मात्र ‘गंजरोधक’ असे छापले आहे. उघड्या पोलादावर पहिला थर दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरचा असावा, त्यावर पुट्टी आणि मग हा भरणीचा स्प्रे, हा क्रम टिकाऊ ठरतो. पुट्टीखाली आम्लयुक्त, पत्रा चावणारा प्रायमर मात्र वापरू नये, कारण आम्लामुळे पुट्टीच्या पक्के होण्यात आणि धरण्यात अडथळा येतो. जस्तयुक्त स्प्रे वापरण्याचा विचार असेल तर एवढे ध्यानात घ्यावे की जस्त पोलादाचे रक्षण स्वतः झिजून करते आणि त्यासाठी त्याचा पोलादाशी थेट संपर्क हवा. परिवर्तकाच्या काळ्या पापुद्र्यावर मारलेला जस्ताचा थर हा केवळ करडा रंग असतो.

मागच्या बाजूचा विषय सुरुवातीलाच काढला होता, त्याचा तपशील असा. मडगार्डच्या आत मी मॅटच्या कडांवर आणि आजूबाजूच्या उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर लावला, तो सुकल्यावर पोकळीत फवारायचे मेण मारले. हे मेण पातळ असते, जोडांच्या फटींत स्वतःहून सरपटत जाते आणि कायम थोडे मऊ राहते, त्यामुळे त्याला तडा जात नाही. डांबरी अंडरकोट दिसायला भारदस्त असतो, पण तो कडक होऊन एका जागी जरी सुटला तरी आत पाणी धरून ठेवतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. मेण रंगकाम पूर्ण झाल्यावरच मारायचे, कारण त्याचा बारीकसा अंशही रंगाच्या पृष्ठभागावर आला तर तिथे रंग धरत नाही आणि बारीक खळगे पडतात. एवढे सगळे पेटीच्या बाहेरचे सामान आहे, आणि माझ्या मडगार्डचे काम आज टिकून आहे ते मुख्यतः त्याच्या जोरावर. भरपूर पाण्याचिखलातून गाडी गेल्यावरही कमानीच्या कडेवर ना फोड आला, ना मॅटची कड रंगातून उमटली.

दाराची गोष्ट निराळी. दाराचा बाहेरचा पत्रा खालच्या कडेला आतल्या चौकटीवर दुमडून दाबलेला असतो आणि गंज त्या दुमडीच्या आत, दोन पत्र्यांच्या मध्ये सुरू होतो. तिथे ब्रश जात नाही, चकती जात नाही, परिवर्तक फार तर कडेने थोडासा ओढला जातो. मी भोके साफ केली, आतून पोहोचेल तेवढी मॅट लावली, पुट्टी आणि प्रायमर घडीपत्रकाप्रमाणे केले, तळातली निचऱ्याची भोके मोकळी केली आणि दुमडीत मेणही सोडले. काम सुरुवातीला मडगार्डाइतकेच सुरेख दिसत होते. पुढे काही महिन्यांनी दुमडीच्या रेषेवर, पुट्टीच्या कडेपासून थोडे दूर, राईच्या दाण्याएवढे फोड ओळीने उमटले. यात मालाचा दोष नाही. जिथे दोन पत्र्यांमधला गंज काढताच येत नाही तिथे खालची पट्टी कापून नवा पत्रा जोडणे किंवा चांगले जुने दार शोधून बदलणे हेच उपाय आहेत. दोष आहे तो पेटीवर दाराचे चित्र छापून ‘कायमची दुरुस्ती’ असे लिहिण्यात.

त्याहून गंभीर आक्षेप पेटीच्या मागच्या चित्राला आहे. त्यात दारांखालच्या सिलवर मॅट लावताना दाखवले आहे. वेगळी चासी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नसलेल्या गाडीत सिल, फरशी, सस्पेन्शनचे टेकू आणि सीटबेल्ट बसवलेल्या जागा हे सगळे भार वाहणारे भाग असतात. पोलादाची ताठरता सुमारे २०० गिगापास्कल असते आणि तुटक तंतूंच्या मॅटची पॉलिएस्टरबरोबर ७ च्या आसपास. शिवाय पोलादाला पॉलिएस्टरची पकड बेताचीच. अपघातात किंवा जॅक लावताना असा जोड काय उपयोगाचा, हे आकडेच सांगतात. तिथे सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करणे आवश्यक आहे, आणि ते जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. मॅट लावून रंगवलेला सिल पुढच्या खरेदीदाराला धडधाकट वाटतो, ही बाब तर आणखी चिंतेची.

सुरक्षेबाबत घडीपत्रकात बारीक अक्षरांत चार ओळी आहेत. रेझिनचा पातळ हार्डनर डोळ्यांत गेला तर कायमची इजा होऊ शकते, त्यामुळे बंद चष्मा पहिल्या थेंबापासून हवा. पेटीत हातमोजेही नाहीत. घासताना धुळीचा मास्क आणि रेझिन किंवा स्प्रे वापरताना वाफ शोषणारे काडतूस असलेला मास्क, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत व एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. ॲसिटोनची आणि हार्डनर लागलेली फडकी एकत्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत.

बाह्य पत्र्याचे, आतून हात पोहोचणारे आणि तळहातापेक्षा लहान भोक असेल, तर हा संच घ्यायला हरकत नाही. सोबत इपॉक्सी प्रायमर, पोकळीचे मेण, एक सिरिंज, लाकडी ठोकळा आणि खरखरीत पेपर यांचा खर्च धरूनच हिशेब करावा. भोक नसून नुसता वरवरचा गंज असेल तर सगळी पेटी घेण्याचे कारण नाही, परिवर्तक आणि पुट्टी सुटी मिळते. घेताना डब्यावरची उत्पादनाची तारीख अवश्य पाहावी, कारण पॉलिएस्टर रेझिन बंद डब्यातही कालांतराने आपोआप घट्ट होते. डबा हलवून आतले द्रव्य हलते की नाही हे दुकानातच पाहता येते. हार्डनरच्या ट्यूबमधून आधी नुसते पाण्यासारखे पातळ द्रव्य आल्यास ट्यूब बोटांनी चांगली मळून मगच वापरावी.